विस्कटलेली घडी परत बसवायचीय, पण आधी काय धरू?

शिरोली_नाका

राम राम मंडळी. वय ३२, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर. मधे काम सुटलं होतं, त्या काळात सगळंच बिघडलं. आता नवीन ठिकाणी लागलोय. हातात २२ हजार येतात. सध्या जनरल शिफ्ट आहे, पुढे पाळ्या लागणार.

रात्री दीड-दोनपर्यंत मोबाईल, सकाळी सव्वाआठला उठून नऊच्या पंचिंगला पळापळ, सुट्टीला दुपारी बारापर्यंत झोप. मावा (तंबाखू-सुपारीचा) दिवसाला सहा-सात पुड्या. वजन वाढलंय, दोन जिने चढलो की दम लागतो. क्रेडिट कार्डावर ४० हजार अडकलेत, मिनिमम भरत आलोय. शिवाय दोन लोन ॲपचे हप्ते, एकाचे १२ हजार राहिलेत, दुसऱ्याचे ९.

पाडव्याला ठरवायचं, आठवडाभर सगळं करायचं आणि मग जैसे थे, असं होतंय. ‘मनावर घे’ हे घरचे सांगतातच. मला क्रम सांगा. आधी काय, किती, कसं.

पहाटवारा

शिरोली_नाका, क्रम विचारलास हे बरं केलंस. झोप, मावा, व्यायाम, खाणं, पैसे असं सगळं एकाच सोमवारी सुरू केलं की आठवडाभरात मोडतंच. मन कच्चं आहे म्हणून नव्हे. अपुऱ्या झोपेवर पाच नव्या गोष्टी रेटता येत नाहीत एवढंच.

आधी उठायची वेळ धर. झोपायची नाही, उठायची. झोप हुकमानं येत नाही, उठणं मात्र हातात असतं.

आज सव्वाआठ असेल तर उद्या थेट पाचचा गजर लावू नकोस. शरीराचं घड्याळ पुढे ढकलायला सोपं, मागे आणायला अवघड. दर तीन दिवसांनी २० मिनिटं अलीकडे घे. सहा टप्प्यांत, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांत सव्वासहावर येशील. सुट्टीच्या दिवशी जास्तीत जास्त एक तास उशीर चालेल. बारापर्यंत झोपलास की त्या रात्री झोप लांबते आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर पड, वीस-तीस मिनिटं. गच्ची चालेल, गल्ली चालेल. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण १००-३०० लक्स उजेड असतो. आपल्याकडच्या जुलैच्या भरल्या आभाळाखालीसुद्धा बाहेर काही हजार लक्स मिळतात. सकाळ झाली हे मेंदूला कळतं ते त्या उजेडानं, आणि रात्री झोप कधी येणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं. म्हणून पाऊस आहे म्हणून आत बसू नकोस, पडवीत उभा राहा.

शेवटचा चहा साडेतीनला. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. कारखान्यात साडेपाचला येणारा चहा सोडायचा नसेल तर चार घोट घे, ग्लासभर नको.

मोबाईल बंद करायची शपथ घेऊ नकोस, त्याची जागा बदल. चार्जर स्वयंपाकघरात लाव आणि दीड-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आण. ‘गजर लावायला मोबाईल उशाशी लागतो’ या एका कारणावर रात्रीचे दोन तास जातात. सोबत स्क्रीन काळी-पांढरी कर. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड आहे, त्यात वेळ लावली की रंग आपोआप जातात. रंग गेले की रील्स बघण्यातली मजा बरीच ओसरते.

आता चुकतं कुठे. पहिल्या आठवड्यात दुपारी पेंग येईल. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डुलकी काढ, तीनच्या आत, त्याहून जास्त नाही. मशीनवर पेंगत असशील तर तो टप्पा तीनऐवजी पाच दिवस चालू दे. स्पिंडलपुढे झोप येणं परवडणारं नाही. दुसरं म्हणजे, लवकर उठायचंय म्हणून साडेनवालाच अंथरुणात शिरू नकोस. डोळे जड झाल्यावरच आडवा हो. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बस, कपड्यांच्या घड्या घाल, झोप आली की परत ये. अंथरुणात तळमळत पडायची सवय लागली की अंथरूण दिसताच जाग येते.

हे जमल्याशिवाय दुसरं काही धरू नकोस. मावा आणि पैशांचं जाणकार सांगतीलच.

जमाखर्च

पहाटवारांच्या क्रमाला माझी एक दुरुस्ती. झोप आधी, कबूल. पण पैशांची यादी त्याच आठवड्यात कर. हप्त्याच्या चिंतेनं दोनपर्यंत जागणारा माणूस उशाचा मोबाईल काढला तरी जागाच राहतो.

कार्डाचा हिशेब बघ. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ४०,००० वर १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. एकूण १,६५२. मिनिमम ५ टक्के असेल तर तू भरतोस २,०००. म्हणजे मुद्दल फिटलं ३४८ रुपये. भरीला, थकबाकी असताना त्याच कार्डावर नवीन खरेदी केलीस तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. त्यामुळे कार्ड आज घरी ठेव. शॉपिंग ॲपमध्ये नंबर साठवला असेल तोही काढ.

एका पानावर पाच रकाने आख: देणं कोणाचं, बाकी किती, वर्षाचं व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती. ॲपवाल्यांचा दर ‘दिवसाला अमुक’ असा लिहिलेला असतो, त्यावर विसंबू नकोस. कर्ज देताना केएफएस नावाचा कागद द्यावा लागतो, त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा दर असतो, तो लिही. त्याच कागदावर पैसे देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) नाव असतं. ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का बघ. नसेल तर आणखी एक रुपया घेऊ नकोस.

यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ उघड. ओटीटी, गेम, कसली कसली सबस्क्रिप्शनं चालू सापडतील, ती तिथल्या तिथे रद्द होतात. कर्जाचं मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) मात्र रद्द करू नकोस. हप्ता बाऊन्स झाला की बँक एक दंड लावते, कर्ज देणारा दुसरा, आणि सिबिल (कर्जफेडीची पत) घसरतं ते वेगळंच. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला असेल तर कस्टमर केअरला ईमेल करून तारीख बदलून माग, बऱ्याच ठिकाणी देतात.

मग क्रम. सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू. वरचे पैसे आधी ५,००० होईपर्यंत वेगळ्या बचत खात्यात. हे फार लोक चुकवतात. पै न् पै कर्जात भरतात आणि गाडीचा टायर गेला की परत ॲप उघडतात. ५,००० साठले की वरचं सगळं सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर. ते मिटलं की त्याचा हप्ता पुढच्याला जोडायचा.

घरात सोनं असेल आणि घरच्यांची संमती असेल तर बँकेतलं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, वर्षाला साधारण १० टक्क्यांच्या आसपास. ४०,००० वर महिन्याचं व्याज १,६५२ ऐवजी साडेतीनशेच्या जवळ येतं. पण अट एकच: कार्ड शून्य झालं त्याच दिवशी लिमिट १०-१५ हजारांवर आणून घ्यायची. नाहीतर वर्षभरात सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं. मुदतीला व्याजासकट सगळं भरायचं असतं हेही घरात सांगून ठेव, मुदत चुकली तर लिलाव होतो.

वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲपला तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट वाचायचीही मुभा नाही, सेटिंगमधून परवानगी काढ. पाहुण्यांना फोन करून बदनामी, फोटो फिरवायची धमकी असं काही झालं तर स्क्रीनशॉट ठेव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दे.

शिरोली_नाका

जमाखर्च भाऊ, ते ३४८ बघून हबकलो. यादी आजच करतो. ऑटोपेमध्ये दोन निघालीत, माहीतही नव्हती.

माव्याचं कोणीतरी सांगा. हळूहळू कमी करू का एकदम? आणि चालायचं म्हटलं तर रंकाळा तलाव लांब पडतो. मित्र म्हणतोय तालमीत ये.

नीलांबरी

शिरोली_नाका दादा, माव्याचं लिहिते. पहिली गोष्ट, मावा सोडून नुसत्या सुपारीवर जाऊ नका. लोक हा मधला मार्ग समजतात, पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, आणि तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनंच.

आज आरशासमोर एक करा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. बसली नाहीत, किंवा आधी न झोंबणारा ठेचा हल्ली झोंबतोय, गालाच्या आत पांढरट चट्टा किंवा दोरीसारखे ताठ पट्टे लागतायत, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम आहे, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखत नाहीच.

एकदम की हळूहळू? दोन्हीनं सुटतो, पण ‘हळूहळू’ला तारीख नसेल तर तीन पुड्यांच्या सात कधी होतात कळत नाही. झोप जरा जाग्यावर आली की पुढची आठ-दहा दिवसांनंतरची तारीख धरा. तोवर प्रत्येक पुडी कुठे, किती वाजता, कशानंतर खाल्ली एवढं मोबाईलमध्ये लिहा. बहुतेकांच्या निम्म्या पुड्या ठरलेल्या जागीच निघतात: गेटबाहेरची टपरी, जेवणानंतर, गाडीवर बसताना. टपरी वाटेत असेल तर पहिले पंधरा दिवस वाट बदला, दोन मिनिटं जास्त लागली तरी.

निकोटीन गम मेडिकलमध्ये मिळतो, २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय. ४ मिलिग्रॅमचा लागेल का ते डॉक्टर ठरवतील. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पुडी लागत असेल तर जरूर विचारा. बीपी, हृदयाचा त्रास किंवा अल्सर असेल तर २ चा घेण्याआधीही विचारायचं. हा गम च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो, आणि सगळे तेच करतात. मग उचकी लागते, मळमळतं आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडतात. चार-पाचदा चावा. झिणझिण्या, तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. चव गेली की परत दोनदा चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. असा अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, निकोटीन शोषलंच जात नाही. सुरुवातीला जागेपणी दर एक-दोन तासांनी एक. सहा आठवड्यांनंतर अंतर वाढवत न्यायचं, बारा आठवड्यांत बंद.

तलफ चार-पाच मिनिटं जोरात येते आणि ओसरते. तेवढ्यापुरती खिशात भाजकी बडीशेप किंवा लवंग ठेवा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, बद्धकोष्ठ, झोप तुटणं हे दोन ते चार आठवडे चालतं, घरात आधीच सांगून ठेवा म्हणजे भांडणं टळतील. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत.

आणि चुकून एक पुडी खाल्ली गेली तर ‘गेलं सगळं’ म्हणून बाकीची माळ विकत घेऊ नका. ती एकच पुडी होती. ती कुठे, कशी हातात आली तेवढं लिहा आणि पुढचा गम घ्या.

तांबडी_माती

भावा, तालमीबद्दल. गंगावेस असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, माती थोर आहे आणि कोल्हापूरकरानं तिथं जावंच. पण दोन जिन्यांत दम लागणाऱ्यानं पहिल्या दिवशी आखाड्यात उतरू नये. पोरांच्या जोडीनं पन्नास बैठका मारशील, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही आणि तिसऱ्या दिवशी जाणार नाहीस. दोन महिने पाया घाल, मग जा.

चालायला रंकाळाच हवा असं काही नाही. शिरोलीकडून येताना विद्यापीठाचा परिसर बरा पडत असेल तर तिथे, नाहीतर गल्लीतच. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं, दर आठवड्याला ५ वाढव, चौथ्या आठवड्यात ३० होतात. आठवड्यातले पाच दिवस धरले की १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना किमान एवढंच सांगते. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. हे सकाळच्या उजेडात केलंस तर पहाटवारांचं आणि माझं एकाच फेरीत भागतं. चालताना नडगी पुढून दुखायला लागली तर मिनिटं फार लवकर वाढवलीत किंवा चप्पल घालून चालतोयस. पायात धड बूट घाल, आठवडाभर मागच्या आकड्यावर ये. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर तिथेच थांब आणि तडक दवाखाना गाठ.

जोर-बैठका आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवस सोडून. बैठक आधी खुर्चीवर: हात न टेकता बस, ऊठ. आठच्या तीन फेऱ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. तिन्ही फेऱ्यांत बारा जमले की खुर्ची काढ. पारंपरिक बैठकीत टाच उचलते, गुडघा पुढे जातो. पैलवानाचं शरीर त्याला लहानपणापासून सरावलेलं असतं. तू टाच जमिनीवर ठेव. जोर आधी भिंतीवर, मग ओट्याला हात टेकून, मग जमिनीवर, तोच आठ ते बारा हिशेब.

खाण्याचं एवढंच: पैलवानाचा खुराक बघून दूध वाढवू नकोस. साखर घातलेला म्हशीच्या दुधाचा २५० मिलिचा ग्लास तीनशे कॅलरीच्या घरात जातो. कट्ट्यावर धार काढून दिलेलं दूध पिण्यात आनंद आहेच, पण रोजचं दूध उकळूनच. सकाळी वडा-मिसळीऐवजी भाकरी, मोडाची उसळ, दही किंवा दोन अंडी. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. रविवारचा तांबडा-पांढरा सोडू नकोस, रश्श्याच्या वाट्या मोज.

पहाटवारा

एक राहिलं. हे सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयवर मांड. ज्या दिवशी ठरलेल्या वेळी उठलास त्या चौकोनात पेनानं एक टिंब. पैशांची वही आठवड्यातून एकदा बघितलीस तर चौकट. बस्स. ‘२१ दिवसांत सवय लागते’ यावर जाऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्यानं फरक पडला नाही. तुझं पाडव्याचं आठवड्यात मोडतं ते यामुळेही, एक दिवस हुकला की तू पूर्ण सोडतोस.

तिसरी_पाळी

पाळ्या लागल्यावरचं लिहितो, कारण वरचं वेळापत्रक रात्रपाळीत जसंच्या तसं चालत नाही. सकाळी सुटल्यावर गाडीवर काळा गॉगल लाव, उजेड डोळ्यांत गेला की झोप पळते. गाडीवरच पेंग येत असेल तर मात्र गॉगल नको, आधी कारखान्यातच वीस मिनिटं डोळे मिटून मग निघ. घरी हलकं खाऊन लगेच झोप, ‘जरा कामं उरकतो’ म्हणून अकरा वाजवू नकोस. खिडकीला काळं कापड, पंखा चालू म्हणजे बाहेरचा आवाज दबतो, दाराला आतून कडी. पाळीत चहा पहिल्या अर्ध्यात, शेवटच्या चार-पाच तासांत नाही. मध्यरात्री भात-रस्सा पोटभर खाल्लास की अडीच-तीनला मशीनवर डोळे मिटणार, डबा अर्धा अर्धा करून दोनदा खा. पाळी बदलायचं मागणं करायची वेळ आली तर पहिली, दुसरी, तिसरी या क्रमानं माग. उलट्या क्रमात शरीराला जास्त त्रास होतो.

नीलांबरी

दादा, अजून एक, आणि हे मनापासून. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बराच वेळ उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर गजर आणि वह्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. थकवा खूप असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. पत्नी म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मधेच श्वास अडकतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात आठ तास झोपूनही थकवा जात नाही.

शिरोली_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन बोटं बसली, पण तिखट झोंबतं हे खरं आहे, दाखवून घेतो. उद्याचा गजर ७:५५ चा लावलाय, चार्जर बाहेर नेला. जमाखर्च भाऊ, शेवटचं: ते ५,००० साठवायला गल्लीतल्या भिशीत नाव घालू का? पिग्मीवालाही दारात येतो.

जमाखर्च

भिशी नको. तुझा नंबर कधी लागेल ते तुझ्या हातात नसतं, आणि टायर काही नंबर बघून फुटत नाही. पिग्मीनं रोज पन्नास-शंभर बाजूला पडतात हे खरं, शिस्त लागते. पण मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज जातं, वर कापून घेतात, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नाही. बँकेत दुसरं बचत खातं काढ, त्याचं डेबिट कार्ड आणि यूपीआय घेऊ नकोस. पगाराच्या दुसऱ्या दिवशी १,००० आपोआप तिकडे जातील अशी सूचना शाखेत लिहून दे. किमान शिल्लक किती लागते ते आधी विचार. झिरो बॅलन्सचं मूलभूत बचत खातं मागितलं तर बँकेला द्यावं लागतं, पण त्याच बँकेत तुझं दुसरं बचत खातं असेल तर ते मिळत नाही, म्हणून पगाराच्या बँकेऐवजी दुसरीकडे काढ.